सालेकसा सीमा : नऊ दिवस

महाराष्ट्रातल्या गोंदियाच्या सालेकसा तालुक्याला छत्तीसगड आणि मध्य प्रदेश दोन्ही भिडतात. 19 नोव्हेंबर 2025 रोजी या सीमाभागातल्या जंगलात माओवाद्यांशी चकमक झाली. मध्य प्रदेश पोलिसांच्या हॉक फोर्सचे निरीक्षक आशिष शर्मा पथकाचे नेतृत्व करताना शहीद झाले.

त्यानंतर काही दिवसांतच माओवाद्यांच्या या तीन राज्यांतील झोनचा प्रवक्ता अनंत याने तिन्ही मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून शस्त्रे खाली ठेवण्यासाठी मुदत मागितली. जंगलात बंदूकधारी साथीदारांमध्ये राहून असे जाहीर लिहायला केवढे धैर्य लागते! बातम्यांत मात्र माओवाद्यांवरच्या इनामाचे आकडेच गाजले. 28 नोव्हेंबरला तो दहा साथीदारांसह गोंदिया पोलिसांपुढे शरण आला. शेजारच्या राज्यातला सहकारी गमावून जेमतेम नऊ दिवस झाले होते, तरी पोलिसांनी त्यांना सन्मानाने स्वीकारले. अशा शरणागतीसाठीची महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना 2005 पासूनची आहे.