गोधडी : घरातली कला आणि कुटुंबाचा धागा

कला हा शब्द कानावर पडला की चित्रांचे प्रदर्शन, नाट्यगृह किंवा मोठ्या शहरातले कलामहाविद्यालय आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. कलेला पैसा लागतो, सवड लागते, आणि दिवसभर राबणाऱ्या घरांत या दोन्ही गोष्टी कुठून येणार, असा आपला समज झालेला असतो. परंतु खांब, कोलाड, नागोठणे, रोहा, पेण या आपल्या पट्ट्यात क्वचितच असे घर असेल, जिथे एका जुन्या कलेचा नमुना माळ्यावर किंवा पेटीत घडी घालून ठेवलेला नाही. ती कला म्हणजे गोधडी. आजीने किंवा आईने शिवलेली ही गोधडी आपण अंगावर घेतो, पण कला म्हणून तिच्याकडे पाहत नाही. तसे पाहावे, आणि ती शिवण्याच्या निमित्ताने घरातली माणसे पुन्हा एकत्र बसावीत, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

गोधडी कशी तयार होते

आपल्या विद्यार्थी मित्रांपैकी अनेकांनी गोधडी शिवताना पाहिली नसेल, म्हणून आधी तिची रीत सांगतो. गोधडीला जुने सुती कापड लागते. वापरून वापरून मऊ झालेले लुगडे त्यासाठी सर्वांत चांगले. कृत्रिम धाग्याची साडी सुईखाली सरकते आणि घामही शोषून घेत नाही. नऊवारी लुगड्याची लांबी साधारण ८ मीटर असते. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले, की दोन जोडून वरचा थर होतो आणि दोन जोडून खालचा. या दोहोंच्या मध्ये धोतर, सदरे, परकर, चादरी यांचे चांगले राहिलेले तुकडे सपाट पसरतात. हीच गोधडीची भर.

सारे कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावे लागते. म्हणून हे काम सुगी आटोपल्यावर आणि पावसाळ्यापूर्वी करणे सोयीचे. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर थर पसरून हाताने सुरकुत्या काढतात. थर हलू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालतात. मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने एकामागून एक ओळी आत घेत जातात. चौकोनात चौकोन अशी ही शिवण मध्यावर येऊन संपते. लुगड्याचे काठ कुठे बसवायचे, लाल तुकड्याशेजारी हिरवा ठेवायचा की पांढरा, हे शिवणारीच ठरवते. त्यासाठी ती कागदावर नक्षी काढत नाही. तिची रंगांची जाण डोळ्यांत आणि बोटांत असते.

थोडे गणित करू. दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर आणि एक टाका १ सेंटिमीटरचा धरला, तर २ मीटर लांब व २ मीटर रुंद गोधडीत १०० ओळी होतात आणि एका ओळीत २०० टाके पडतात. म्हणजे एका गोधडीत सुमारे २०,००० टाके! एकटीने ते पुरे करायचे तर अनेक दिवस जातात. म्हणून चार बाजूंना चारजणी बसतात. सासू, सून, नणंद, शेजारीण अशा साऱ्या हात लावतात. टाके घालता घालता माहेरच्या गोष्टी निघतात, जुनी गाणी निघतात, आणि धरलेला अबोलाही कधी कधी सुटतो. घरात एरवी जे बोलणे होत नाही, ते गोधडीभोवती होते.

ठिगळाची लाज कुठून आली?

असे असूनही गोधडीविषयी आपल्या मनात थोडी लाज असते. पाहुणे आले की आपण गोधडी आत सारतो आणि बाजारातले ब्लँकेट बाहेर काढतो. या लाजेला कारण आहे, आणि ते समजून घेतले पाहिजे. फाटके नेसणे ही आपल्या पूर्वजांची आवड नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली गोष्ट होती. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली होती. कोणी काय नेसावे, कोणता दागिना घालावा, हेदेखील जातीवरून ठरत असे.

हीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाड येथे जाळण्यात आली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे दागिने टाका, असे त्यांनी सांगितले, आणि स्त्रियांनी ते मनावर घेतले. कापड ही क्षुल्लक बाब नाही, माणसाचा मान कापडातही असतो, हे त्या दिवशी महाडमध्ये दिसून आले. आपल्या घरातल्या जुन्या गोधडीत एखादे लुगडे त्या काळानंतरचे, नव्या पद्धतीने नेसलेले असेल, तर ते आपल्या इतिहासाचे साधन आहे असे आम्ही म्हणू.

हातकामाबद्दलही असाच प्रश्न पडतो. जातीने नेमून दिलेली कामे टाकण्यासाठीच आपल्या मागच्या पिढ्या झगडल्या, मग आता पुन्हा हातकामाचे गोडवे कशासाठी? शंका रास्त आहे. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनाविषयीच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जन्मावरून काम ठरवले म्हणजे माणसाच्या आवडीला आणि कुवतीला जागाच उरत नाही. त्यांचा आक्षेप हाताने काम करण्यावर नव्हता, सक्तीवर होता. ज्या कामात निवड आपली, नक्षी आपली आणि तयार वस्तूही आपली, त्याला वेठ म्हणता येणार नाही.

चीवर आणि भाताची खाचरे

ठिगळाचा मान समजून घ्यायचा असेल तर भिक्खूंच्या चीवराकडे पाहावे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्खिणागिरीकडे जात असताना त्यांना मगधातली भातशेते दिसली. सरळ पट्टे, मधून गेलेले बांध, बांधाला छेदणारे आडवे बांध. तसे चीवर भिक्खूंसाठी करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले आणि बुद्धांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. चीवराची ती रचना आजही चालत आली आहे. खांबच्या कुठल्याही टेकाडावर उभे राहून भादव्यात खाली पाहिले, तर बांधांनी आखलेली तीच आकृती दिसते. शेतात राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना रोज दिसणारी आकृती भिक्खूंच्या अंगावरचे वस्त्र झाली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काही भिक्खू उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून त्यांची चीवरे शिवत. सर्व भिक्खूंनी जन्मभर अशीच चीवरे वापरावीत, असा नियम करण्याची मागणी देवदत्ताने केली. बुद्धांनी ती फेटाळली. ज्याची इच्छा असेल त्याने चिंध्यांचे चीवर वापरावे, ज्याची असेल त्याने उपासकांनी दिलेले घ्यावे, असे त्यांनी सांगितले. स्मशानातले तेच कापड मनूने सक्तीने नेसायला लावले, तर तो अपमान ठरला. भिक्खूने स्वेच्छेने स्वीकारले, तर ते साधेपणाचे व्रत झाले. दोहोंतील फरक फक्त इच्छेचा आहे.

सुईत दोरा कोणी ओवला?

शिवणकाम बायकांचे, पुरुषांनी त्यात लक्ष घालू नये, अशीही एक समजूत आपल्याकडे आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध स्थविरांच्या चीवराची कथा येते. चीवर शिवण्याचे काम निघाले तेव्हा महाकाश्यप, सारिपुत्त आणि आनंद वेगवेगळ्या बाजूंना बसले, भिक्खूंनी सूत कातले, आणि सुईत दोरा ओवण्याचे काम स्वतः बुद्धांनी केले. मोग्गल्लान जे लागेल ते आणून देत होते. आपल्या अंगणात गोधडीच्या चार बाजूंना चारजणी बसतात, त्याहून हे चित्र वेगळे नाही. वर्षावासानंतर कठिन चीवर एका दिवसात पुरे करण्याची प्रथा आहे. तीही अनेक हात लागल्याशिवाय पार पडत नाही.

मग आपल्या घरातल्या मुलाने आजीला सुईत दोरा ओवून दिला, तर त्यात कमीपणा कसला? आजीची नजर मंदावलेली असते, पण रंगांची पारख शाबूत असते. नातवाची नजर तीक्ष्ण असते, पण त्याला पारख शिकायची असते. दोघांना एकमेकांची गरज पडते ती अशी.

कुडे लेण्यातले कुटुंब

हातची कला आणि कुटुंब यांची सांगड आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे. तळा तालुक्यात राजपुरी खाडीच्या परिसरात कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती कोरली गेली. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, वैद्य आहे. एका लेखात महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी असलेल्या शिवभूती नावाच्या लेखनिकाचा धाकटा भाऊ शिवम याने दिलेल्या दानाची नोंद आहे. दगडातले कोरीवकाम त्याने आपली पत्नी विजया आणि चार मुलगे यांच्यासह दान केले. खांब मात्र त्याच्या मुलींचे आहेत. सपा, शिवपालिता, शिवदत्ता आणि सुलसदत्ता अशी त्या चौघींची नावे लेखात कोरलेली आहेत.

लेखातला शब्द ‘थभा’ असा आहे, म्हणजे आपला खांब. आमच्या गावाचे नावही खांब असल्यामुळे हा लेख आम्हाला विशेष जवळचा वाटतो. लेण्याचे खांब मुलींच्या नावावर आहेत, आणि शेकडो वर्षांनंतर ती नावे वाचता येतात. उलट आपल्या घरातली गोधडी कोणी शिवली, हे दोन पिढ्यांनंतर कोणाला सांगता येत नाही.

दूर देशातील उदाहरण

ज्यांना समाजाने खाली दाबले, त्यांच्या गोधड्यांना जगाने मान दिल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे नदीकाठचे खेडे आहे. तिथले लोक मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज. तिथल्या स्त्रिया कामाचे जुने कपडे फाडून गोधड्या शिवत. १९६० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नाव नोंदवू लागले, तेव्हा त्यांना कामावरून आणि घरांतून काढण्यात आले. नदी ओलांडून तालुक्याच्या गावी नेणारी तर १९६२ मध्ये बंद झाली, ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा काळात, १९६६ मध्ये, त्या भागातल्या स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. थंडी भागवण्यासाठी शिवलेल्या त्या गोधड्या होत्या. पाहणाऱ्यांची नजर बदलली, तेव्हा त्यांतली कला त्यांना दिसली.

घरात कला रुजली की तिचा रोजगार कसा होतो, हे पाहायला अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या पेण तालुक्यात, पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत, मूर्तिकामाचे कारखाने घराघरांत चालतात. माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत सारे कुटुंब त्यात असते. पूजेचा विषय आपण बाजूला ठेवू. कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे कसे जाते, ते मात्र तिथे जरूर शिकण्यासारखे आहे. गोधडीचा धंदा करायचा असेल तर एक सावधगिरी हवी. २०,००० टाक्यांची मजुरी धरूनच किंमत ठरवावी. नाहीतर वेठ दुसऱ्या दाराने घरात येते.

आपण काय करू शकतो?

समाजातील माता-भगिनींना आणि विद्यार्थ्यांना आमच्या काही सूचना आहेत. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक घराने एक लहान गोधडी शिवायला घ्यावी, पाळण्यातल्या बाळापुरती असली तरी चालेल. घरातल्या प्रत्येकाचा एक तरी कपडा तिच्यात असावा आणि प्रत्येकाने, पुरुषांनीही, एक तरी ओळ शिवावी. मोबाईल त्या वेळेपुरता बाजूला ठेवावा. विद्यार्थ्यांनी घरातल्या जुन्या गोधड्यांजवळ बसून वडीलधाऱ्यांना विचारावे, की हे लुगडे कोणाचे, हा सदरा कोणाचा, हे कापड मुंबईहून कोणी आणले. मिळालेली माहिती वहीत तारखेसह लिहून ठेवावी. आपल्या कुटुंबांचा इतिहास लिहिणारे दुसरे कोणी येणार नाही, तो आपणच लिहायला हवा.

आणि गोधडी पुरी झाली की एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने शिवणाऱ्यांची नावे आणि साल घालावे. कुड्याच्या त्या चार बहिणींची नावे दगडावर राहिली. आपल्या आया-बहिणींची निदान कापडावर तरी राहोत.