परिचारिकांचें शिक्षण आणि आमची रात्रपाळीची भीति

सातारा-सांगलीकडील पेठेंतला एखादा सद्गृहस्थ घरांत दुखणें आलें म्हणजे रुग्णालयांत ‘सिस्टर, जरा इकडे याल का?’ अशी विनवणी करतो. आणि तोच मुलासाठीं स्थळ पाहावयास निघाला व मुलगी परिचर्येचें शिक्षण घेत आहे असें कानीं आलें, कीं त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘रात्रपाळी असते ना?’ या प्रश्नाचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें शिक्षण आमच्याकडे कालचें नव्हे. कॅनडांत जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस 1889 सालीं हिंदुस्थानांत आले. मिरजेस त्यांचें रुग्णालय 1894 सालीं उघडलें व 1897 सालीं तेथें परिचारिकांचें विद्यालय निघालें. मिरज पडलें रेल्वेचें जंक्शन. साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून, कर्नाटकांतून रोगी येत. वानलेससाहेबांस 1928 सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली, तें योग्यच झालें. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ज्यांनीं जागून काढल्या, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत? प्रारंभीं या धंद्यांत ख्रिस्ती मुलीच विशेष दिसत, कारण इतर घरांस विटाळाचें व लोकापवादाचें भय होतें. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानें (1909) ससून रुग्णालयांत स्त्रियांस हें शिक्षण देवविलें, तें या भयास न जुमानतां.

विद्यालयांतील दिनक्रम तरी पाहावा. नवी मुलगी प्रथम बिछाना घालावयास शिकते. चादरीस सुरकुती राहिली तर तो पुनः घालावा लागतो, कारण निजून असलेल्या रोग्याच्या पाठीस सुरकुतीनेंही व्रण पडण्याचें भय असतें. मग ताप, नाडी व श्वास मोजून तक्त्यावर मांडणें, हत्यारें निर्जंतुक करणें, औषधाची चिठ्ठी पुनः पुनः वाचणें. (व्यापाऱ्यांस रोजकीर्दीची आठवण होईल, मात्र येथली चूक दुसऱ्या दिवशीं दुरुस्त होत नाहीं.) दिवसा तास, मग पाळी, आणि वसतिगृहाचें दार ठरल्या वेळीं बंद. पूर्वीं पांढऱ्या टोपीचा मोठा मान असे. आतां ती पुष्कळ ठिकाणीं गेली. दीपप्रज्वलनाचा समारंभ मात्र चालत आला आहे. एका दिव्यावर दुसरा लावीत मुली रुग्णसेवेची शपथ घेतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई क्रिमियाच्या युद्धांत रात्रीं दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरत, त्याची ही स्मृति होय. पुढें 1860 सालीं लंडनास त्यांच्या नांवाचें विद्यालय निघालें. म्हणजे ज्या रात्रपाळीस आमचे लोक नाकें मुरडतात, तिचीच खूण या मुली हातीं धरतात!

1946 सालच्या भोर समितीच्या अहवालांत 43,000 लोकांमागें एक परिचारिका, असें प्रमाण नोंदलेलें आहे. तेव्हांपासून संख्या वाढली, परंतु स्थळें पाहणाऱ्यांचा प्रश्न तोच राहिला. ‘पाळीवरून आल्यावर झोंप पुरी होते ना?’ असें विचारणारी सासू आम्हांस पाहावयाची आहे.

पेठेंतील मंडळांस आमची एक सूचना आहे. उत्सवाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चांतून थोडा बाजूस काढावा, आणि 12 मे रोजीं, नाइटिंगेल बाईंच्या जन्मदिनीं, जवळच्या विद्यालयाच्या प्रमुखांस भेटून कोणा मुलीची फी थकली आहे एवढें विचारावें.