सेल भरलेला, तरी यंत्र बंद का पडतं?

वलगावच्या माझ्या एका विद्यार्थिनीने विज्ञान प्रदर्शनासाठी एक यंत्र बनवलं. संत्र्याच्या झाडाखालची ओल मोजायची आणि मोबाइलवर दाखवायची. संध्याकाळी घरी ते झकास चाललं, अब्बांनी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. सकाळी शाळेत आणलं तर सारखं बंद-चालू. "सर, काय बिघडलं समजूनच नाही राह्यलं," म्हणाली आणि डोळे पुसले. चूक तिची नव्हती. तो भाग मीच सुचवला होता.

यंत्रात ईएसपी ८२६६ ही वाय-फायची चिप होती. तिला ३.३ व्होल्ट लागतात. ३ च्या खाली गेलं की तिचा भरवसा नाही. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, मग उतरत उतरत ३.७ च्या आसपास बराच वेळ राहतो. म्हणून मध्ये व्होल्टेज बांधून देणारा रेग्युलेटर लावतात.

पण रेग्युलेटर फुकट काम करत नाही. बाजार समितीत अडत्या आपली अडत कापून घेतो तसं समजा. आत येणारं व्होल्टेज बाहेर जाणाऱ्यापेक्षा निदान इतकं जास्त हवं, याला ड्रॉपआउट म्हणतात. जुन्या ७८०५ ची ही अडत सुमारे २ व्होल्ट, म्हणजे ५ व्होल्ट हवे तर आत ७ द्या. ही अडत कमी असलेला तो लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर, म्हणजेच एलडीओ.

आम्ही लावला होता एएमएस १११७. दुकानात हासुद्धा एलडीओ म्हणूनच मिळतो, आणि ७८०५ च्या मानाने आहेही. पण त्याचा ड्रॉपआउट १ व्होल्टच्या वर आहे! ४.२ मधून १.१ गेले, उरले ३.१, संध्याकाळी भागलं. रात्रभर चालून सेल ३.८ वर आला, उरले २.७. वाय-फाय संदेश पाठवताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढतं, तेव्हा तर चिप बसलीच.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. हा १११७ स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो, चिप झोपलेली असली तरी. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्यातच ४०० तासांत, म्हणजे साडेसोळा दिवसांत संपणार. शेतात ठेवायच्या यंत्राला हे कसं परवडेल?

मग एपी २११२ लावला. तो ६०० मिलिअँपिअर देतो, तेवढ्या भारावरही अडत साधारण पाव व्होल्ट, आणि स्वतःचा खर्च मिलिअँपिअरचा लहानसा अंश. एमसीपी १७०० तर याहून कंजूस आहे, पण तो २५० च्या वर देत नाही. वाय-फायला कमी पडतो.

मात्र १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ५ व्होल्ट करायला कुठलाही एलडीओ लावू नका. २०० मिलिअँपिअर घेतले तर उरलेले ७ व्होल्ट उष्णता बनतात, १.४ वॅट. बोट लावून पाहाल तर चटका बसेल. तिथे बक कन्व्हर्टर बरा.

जोडताना डाटाशीटमध्ये सांगितलेला कपॅसिटर बाहेरच्या बाजूला लावाच, नाहीतर व्होल्टेज डुलत राहतं. आणि पायांचा क्रम पाहा. ७८०५ चे पाय आत, जमीन, बाहेर असे. १११७ चे जमीन, बाहेर, आत असे. त्याची पाठीची पट्टीही जमिनीची नसून बाहेरच्या व्होल्टेजची असते. एका भागाच्या जागी दुसरा तसाच बसवून मी एक चिप जाळलेली आहे.