युकुलेलेवर जुनी चित्रपटगीते : स्वरलिपी, पट्टी आणि चार तारा

वाद्य

युकुलेले हे चार तारांचे, छोट्या गिटारसारखे दिसणारे वाद्य. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ या जहाजाने मजूर होनोलुलूला गेले. त्यांच्यातील सुतारकाम जाणणाऱ्यांनी आपल्या ‘मशेत’ या वाद्यावरून हवाईत हे नवे वाद्य घडवले. त्याच्या तारा बहुधा नायलॉनच्या असतात. सोप्रानो हा प्रचलित प्रकारांतील सर्वांत छोटा; त्यावर सामान्यतः बारा फ्रेट असतात आणि तारेची वाजती लांबी सुमारे 33 सेंटिमीटर भरते.

तारांची जुळवणी पेटीच्या भाषेत सांगता येते. चौथ्या तारेपासून पहिलीकडे येताना पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा हे स्वर मिळतात. पांढरी एकला षड्ज मानल्यास त्याच मोकळ्या तारा प, सा, ग, ध होतात. विशेष म्हणजे चौथी तार खर्जाची नसते. तिचा पंचम मध्य सप्तकातला असतो. सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या तारेवर, म्हणजे मधोमध मिळतो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या रचनेत आहे.

छापील गीत : दोन परंपरा

अमेरिकेत 1920 च्या दशकापासून लोकप्रिय गीतांच्या छापील स्वरपत्रांवर युकुलेलेच्या कॉर्डच्या चौकटी छापल्या जात. बोलपटांची गाणीही त्याच वाटेने घरोघरी गेली. 1929 च्या ‘हॉलिवूड रिव्ह्यू’ या चित्रपटात क्लिफ एडवर्ड्स हा गायक युकुलेले घेऊनच पडद्यावर आला होता. त्या काळच्या अनेक चौकटी एक पूर्ण स्वर चढ्या जुळवणीच्या असल्याने आजच्या जुळवणीवर त्या जशाच्या तशा वाजवल्या, तर गाणे एक स्वर खाली उतरते.

मराठी बोलपटांची परंपरा वेगळी. चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपडीत प्रामुख्याने शब्द असत, स्वर नसत. चाल ध्वनिमुद्रिकेवरून कानाने उचलायची असे. अशा चोपड्यांचा संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना 1964) जपलेला आहे. त्यामुळे जुन्या मराठी चित्रपटगीताचे स्वरपत्र हाती असणे दुर्मीळच. ते तयार करावे लागते.

स्वरलिपी

त्यासाठी स्टाफ नोटेशन शिकायलाच हवे असे नाही. विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी पुरेशी आहे : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. तालाचे विभाग उभ्या रेघांनी दाखवतात. ही लिपी षड्ज कोणत्या पट्टीत आहे हे सांगत नाही, आणि युकुलेलेसाठी हाच तिचा मोठा लाभ आहे : एकदा लिहिलेली चाल कोणत्याही पट्टीत वाजवता येते.

षड्ज कुठे धरावा

पांढरी एकमध्ये षड्ज ठेवल्यास मोकळ्या तिसऱ्या तारेवर सा आणि चौथीवर प मिळतो. तंबोऱ्यासारखा आधार आयताच तयार. पण सा हाच वाद्याचा सर्वांत खालचा स्वर ठरतो आणि मंद्र सप्तक उरतच नाही. नाट्यसंगीताच्या वळणाने जाणाऱ्या जुन्या चाली मंद्र निषाद-धैवताला स्पर्श करून परत षड्जावर येतात. तिथे ही पट्टी निरुपयोगी.

षड्ज पांढरी चारवर नेला की चित्र बदलते. मोकळी तिसरी तार मंद्र पंचम होते, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर मंद्र धैवत, मोकळ्या दुसऱ्या तारेवर मंद्र निषाद. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर सा, तिसऱ्यावर रे. मोकळी पहिली तार ग. तिच्याच पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर शुद्ध म, प, ध, नी. आठव्यावर तार षड्ज आणि बाराव्यावर तार गंधार. मंद्र पंचम ते तार गंधार एवढ्या विस्तारात बोलपटांच्या पहिल्या दशकातील बऱ्याच चाली बसतात. आरंभाला हीच पट्टी घ्यावी.

मात्र गायकाची पट्टी काळी एक असली तर? षड्ज तिसऱ्या तारेवर धरलेल्या मांडणीत चारही तारा अर्ध्या स्वराने चढवाव्यात, म्हणजे बोटांची ठिकाणे बदलत नाहीत. जुन्या तबकड्यांबाबतही हाच उपाय. तबकडी फिरण्याचा वेग नेमका न राहिल्याने गाणे अनेकदा दोन पट्ट्यांच्या मध्ये ऐकू येते. तेव्हा वाद्य तबकडीशी जुळवावे, तबकडीला दोष देऊ नये.

कॉर्ड की आधारस्वर

पांढरी चारच्या षड्जासाठी तीन मूळ कॉर्ड पुरतात; चौथ्या तारेपासून त्यांचे फ्रेट 2-0-1-0, 3-2-1-1 आणि 0-0-0-1. पण ते कुठे वापरायचे हा विवेकाचा प्रश्न आहे. रागाधारित चालीखाली कॉर्ड घातल्यास वर्ज्य स्वर नकळत घुसतात. तिथे मधल्या दोन तारांवर मंद्र प आणि सा एवढाच आधार ठेवून चाल पहिल्या तारेवर वाजवणे अधिक प्रामाणिक. संगीतकार केशवराव भोळे यांनी ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या संगीतात पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटारही आणली, तरी चालीचे प्राधान्य सुटले नाही. पुढे मुंबईत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी स्टाफ नोटेशनवर वाद्यवृंद लिहिले. त्या काळातील गाण्यांत कॉर्ड मुळातच आहेत. तिथे ते गाळणे चूक.

मर्यादा

लहान नायलॉन तारेचा नाद लवकर विरतो. तार ओढून मींड जवळजवळ निघत नाही. बोट दोन-तीन फ्रेट घसरवून तिचा आभास तेवढा होतो. लांब स्वर टिकवायला तर्जनीने सलग छेड द्यावी लागते. श्रुतींचे सूक्ष्म भेद फ्रेटमुळे हरवतात. अर्थात मींड आणि श्रुतींबाबतचा हा आक्षेप पेटीवरही घेतला गेला, आणि तरीही वऱ्हाडातील भजनी मंडळांत पेटी टिकून आहे. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात ज्याला पेटीवर ‘काळी दोन’ कुठे ते ठाऊक आहे, त्याला युकुलेलेचे निम्मे व्याकरण आधीच येते.

आरंभासाठी चाल

‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ (1932) हा पहिला मराठी बोलपट. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि टेंबे स्वतः नामवंत पेटीवादक. ठरलेल्या स्वरांच्या वाद्यावर हात बसलेल्या संगीतकाराच्या चाली फ्रेटच्या वाद्याला अनुकूल ठराव्यात, हे तर्काला धरून आहे. एक व्यावहारिक बाजूही आहे. भारतीय कायद्यानुसार संगीतरचनेचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. टेंबे 1955 मध्ये निवर्तले. म्हणजे 2016 पासून त्यांच्या चालींची स्वरलिपी लिहून छापायला परवानगी लागत नाही. शब्दांचा हक्क मात्र गीतकारानुसार वेगळा तपासावा लागतो.