कुंपणाबाहेरचा आवाज

दिल्लीजवळच्या सुलतानपूरची झील वाचली ती दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जोरावर. रॉयटर्सचे दिल्लीतले वार्ताहर पीटर जॅक्सन दिल्ली बर्डवॉचिंग सोसायटीचं काम पाहत. त्यांनी या पाणथळीसाठी थेट इंदिरा गांधींना गाठलं. बाईंना पक्ष्यांची खरीखुरी आवड होती. १९७१मध्ये सुलतानपूर राखीव झालं, १९९१मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०२१मध्ये रामसर स्थळ. आपल्या नांदूरमधमेश्वराला तो मान थोडा आधी मिळाला होता. हिवाळी बदकं, कलहंस, चित्रबलाकांची घरटी हे सगळं बांधावरून दुर्बिणीत मावतं, मंत्र्यांना दाखवता येतं आणि रविवारी गर्दी खेचतं.

दलदलीत राहणारे काही जीव मात्र दाखवता येत नाहीत. ब्रिसल्ड ग्रासबर्ड हा त्यांतला माझा आवडता. आकाराने बुलबुलाएवढा, भुरकट, पाठीवर काळ्या रेघा, चोचीच्या मुळाशी राठ केस. भारतीय उपखंडाबाहेर तो कुठेच नाही आणि जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे. पावसाळा सोडला तर तो उंच गवताच्या बुडाशी उंदरासारखा वावरतो, आणि तेही मुकाट्याने. पाऊस सुरू झाला की नराला कंठ फुटतो. गवतावर तो घिरट्या घालतो, मोजकेच स्वर पुन्हा पुन्हा म्हणतो आणि मध्येच गवतात बुडी मारतो. हिवाळ्यात त्याच्या नोंदी जवळजवळ नसतात. तो नसतो म्हणूनच असं नव्हे, गात नाही म्हणूनही.

उषा गांगुलींचं दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक १९७५चं. त्या काळी नवख्याला आवाज शिकायचा तर जाणत्यासोबत चिखलात उभं राहण्याला पर्याय नव्हता. पुढे कॅसेटी आल्या. २००५मध्ये झेनो-कँटो हा आवाजांचा खुला संग्रह सुरू झाला आणि आता फोनच कान लावून नाव सांगतो. सोय झाली, तसा उपद्रवही झाला. ऐन विणीत ध्वनिमुद्रण वाजवून नराला भडकवायचं आणि तो वर आला की फोटो काढायचा, असले महाभाग मी पाहिलेत. फोन चुकतो तो वेगळाच. ऑगस्टच्या पहाटे पाणकणसांत बोरू-वटवट्यांचा कलकलाट, बेडूक, लाजऱ्या पाणकोंबड्यांची भांडणं आणि मागे ट्रकचे हॉर्न, यातून एक आवाज वेगळा काढायला सवयच लागते. डास वेगळेच.

दिल्लीच्या सीमेवरचं ओखल्याचं तळं यमुनेवरच्या बंधाऱ्यामुळे झालं. उत्तर प्रदेशने १९९०मध्ये ते अभयारण्य जाहीर केलं. त्यानंतरची भांडणं कुंपणाबाहेरची होती. २०१३मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोवतालची बांधकामं रोखली. २०१५च्या अधिसूचनेत अभयारण्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र बहुतेक बाजूंनी १०० मीटरवर आलं. २०१७च्या डिसेंबरात या अभयारण्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं. आत जलपर्णी काढणं, पाणकणीस कापणं, पाणी मोकळं ठेवणं चालू असतं. बदकांना ते मानवतं. गवतात दडणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्परच जातं.

म्हणूनच असे पक्षी ऐकायला आमच्यातले बरेच जण बसईला जात. गुडगावच्या कडेची ही पाणथळ कोणी आखून केलेली नव्हती. गळतीचं, झिरपणारं पाणी साचलं आणि आपसूक गवत माजलं. बर्डलाइफ इंटरनॅशनलने तिला महत्त्वाच्या पक्षीस्थळांत घेतलं, पण सरकारदरबारी ती पाणथळ ठरलीच नव्हती. बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना तिथे येऊ लागला, तेव्हा २०१७मध्ये दिल्ली बर्ड फाउंडेशनने हरित लवादाचं दार ठोठावलं. मधल्या काळात भराव पडत गेला.

ऐकून मोजणं हे हौशी लोकांचं खूळ नव्हे. ब्रिटनमध्ये बिटर्न हा बोरूच्या बनात लपणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी नराच्या घुमण्यावरूनच मोजतात. १९९७मध्ये तिथे असे अकराच नर उरले होते. बोरूची बनं मुद्दाम राखली, नवी तयार केली, आणि आज ती संख्या दोनशेच्या वर आहे. हाच बिटर्न हिवाळ्यात आपल्याकडे येतो, पण घुमणं मागे ठेवून. त्यामुळे इथे तो कानांनाही दाद देत नाही.

यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरपट्ट्यात, दिल्ली विकास प्राधिकरणाने अलीकडे असिता, बांसेरा अशी उद्यानं उभी केली. संध्याकाळी तिथे मुलं हुंदडताना पाहून तक्रार करायला जीभ उचलत नाही. पण कापून सारख्या केलेल्या हिरवळीत ग्रासबर्ड घरटं करत नाही. त्याला लागतो तो उंच गवताचा पट्टा आता कालव्याच्या कडेला, शेताच्या बांधावर किंवा कज्ज्यात अडकलेल्या प्लॉटवर सापडतो. कज्जा मिटला की पटवाऱ्याला त्याच दिवशी कळतं, आम्हाला पुढच्या पावसाळ्यात.