लंडनमध्ये उभी असलेली ग्वाल्हेरची कमान

इंग्लंडमध्ये वास्तुकार फिलिप वेबनं डिझायनर विल्यम मॉरिससाठी १८५९-६० मध्ये बांधलेलं 'रेड हाऊस' हे आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतलं आरंभीचं घर मानतात. यंत्राच्या साच्यापेक्षा कारागिराच्या हाताला मान, हा या चळवळीचा गाभा.

पण हाताच्या कामाचं मोल समजून घ्यायचं तर आपल्या ग्वाल्हेरची कमान बघा! मेजर जे. बी. कीथ हे तिथल्या प्राचीन वास्तूंच्या जतनाचं काम पाहत होते. स्थानिक पाथरवटांना काम मिळावं, त्यांची कला टिकावी म्हणून त्यांनी १८८३च्या कलकत्त्यातल्या प्रदर्शनासाठी वालुकाश्माची भव्य कमान घडवून घेतली. आराखडा कीथ यांचा, छिन्नी ग्वाल्हेरची. पुढे ती लंडनला गेली. १८८६च्या वसाहती आणि भारतीय प्रदर्शनात भारतीय विभागाचं प्रवेशद्वार हीच होती! आता ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची आहे.

माझ्या मते तिचा खरा वारसा त्या पाथरवटांच्या कौशल्यात आहे. दुर्दैवानं कौतुक झालं ते मुख्यतः आराखडा करणाऱ्याचं; कोरणाऱ्यांची नावं सर्वांच्या ओठी कधी आलीच नाहीत.

हे कसब पाहायला लंडन गाठायची गरज नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शिंद्यांच्या छत्र्यांवरचं कोरीवकाम जवळून पाहा, किल्ल्यावर मानसिंह तोमरांच्या मानमंदिरातल्या जाळ्या पाहा. आणि जुन्या वाड्याची दुरुस्ती काढलीत, तर दगडी जाळी काढून ॲल्युमिनियमची खिडकी बसवण्याआधी एखाद्या पाथरवटाला नक्की विचारा. तुटलेला तुकडा तेवढाच बदलता येतो.