गाडीचा रंग घरच्या घरी कसा सांभाळावा?

चाँद रातीला कोणत्याही वॉशिंग सेंटरवर जा, गाड्यांची रांग लागलेली असते. सकाळी ईदगाहला जायचे, मग नातेवाइकांकडे, म्हणून गाडी चकाचक हवी. ठीक आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस त्याच गाडीचा रंग आपण आपल्याच हाताने घासून काढत असतो, आणि तोही साफसफाईच्या नावाखाली.

आमच्या आसपासच्या बहुतेक घरांत गाडी हा शौक नाही. हप्त्यांवर किंवा सेकंडहँड घेतलेली एकच गाडी असते. त्यातूनच अम्मींना दवाखान्यात न्यायचे, मुलांना परीक्षेच्या सेंटरवर सोडायचे, सुट्टीत गाव गाठायचे. आणि मुलीच्या ॲडमिशनची फी अडली तर विकायचीही तीच. घेणारा इंजिन नंतर उघडतो, आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि उन्हात बॉनेटवर नजर टाकतो. तेव्हा रंग सांभाळणे म्हणजे नुसती नटवानटवी नाही, घरची बचत आहे.

रंग किती जाड असतो?

कारखान्यात पत्र्यावर साधारण चार थर चढतात. पहिला गंज रोखणारा, दुसरा प्रायमर, तिसरा प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक दिसते ती या शेवटच्या थराची. चारही थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा किंचित जास्त. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर उभी आहे. घासून घासून तो एकदा संपला की परत येत नाही, थेट पेंटरकडे जावे लागते.

सर्वात मोठा दुश्मन: कोरडा फडका

सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची सवय घरोघरी आहे. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. कोरडा फडका फिरवला की ते कण क्लिअर कोटवर घासले जातात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात ना, त्या बहुतेक इथूनच येतात. काळ्या आणि गडद रंगांवर त्या जास्त उठून दिसतात, पांढऱ्यावर लपतात, पण पडतात सगळ्यांवरच.

सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या भाईंना यासाठी रागावून उपयोग नाही. एका फडक्यात आणि अर्ध्या बादलीत त्यांना दहा गाड्या उरकायच्या असतात. आपणच त्यांना आपल्या गाडीचे दोन वेगळे फडके द्यावेत आणि सांगावे, ‘रोज पुसू नका. आठवड्यातून एकदा पाणी टाकून धुवा, तेवढे बस.’ त्यांचे कष्ट वाचतात, आपला रंग वाचतो. पैसे मात्र कापू नका.

धुण्याची योग्य पद्धत

गाडी सावलीत उभी करा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. गरम पत्र्यावर साबणाचे पाणी लगेच वाळते आणि डाग पडतात.

1. आधी नुसते पाणी टाकून सैल धूळ-चिखल वाहून जाऊ द्या. या वेळी हात लावू नका.
2. दोन बादल्या घ्या. एकीत कार शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. कापड शॅम्पूत बुडवा, एक भाग पुसा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि पुन्हा शॅम्पूत बुडवा. थोड्या वेळाने साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. जी वाळू तिथे बसली आहे, ती एकच बादली असती तर पुन्हा गाडीवर फिरली असती.
3. वरून खाली या. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजे. चाके आणि खालची पट्टी शेवटी, आणि तीही वेगळ्या कापडाने.
4. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको. कापड खाली पडले तर धुतल्याशिवाय परत लावू नका.
5. स्वच्छ पाणी टाकून लगेच कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पाणी टिपून घ्या. जुनी बनियन किंवा टॉवेलचा तुकडा वापरू नका, त्यांची शिवण ओरखडे पाडते.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण या कामाचे नाहीत. ते तेलकटपणा कापण्यासाठी बनलेले असतात, त्यामुळे रंगावरचे वॅक्सही धुऊन नेतात. रॉकेल किंवा डिझेलचा हात मारला की गाडी घडीभर चमकते खरी, पण मागे राहिलेल्या तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते आणि दरवाजांचे रबरही खराब होते. ओरखड्यावर टूथपेस्ट लावण्याचा सल्लाही सगळीकडे फिरतो. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते, ती क्लिअर कोटही घासते. राहू द्या ती दातांसाठी.

पाण्याचेही बघा. तुमच्या पाइपखाली 15 लिटरची बादली किती वेळात भरते ते मुलांना मोजायला सांगा, आणि पाइप अर्धा तास सोडला तर किती लिटर गेले याचा हिशेब करायला लावा. गुणाकाराचा सरावही होईल. बादल्यांनी धुतले तर चार-पाच बादल्यांत छोटी गाडी निघते. वजू करताना पाण्याचा इसराफ टाळायला आपण मुलांना शिकवतो, मग गाडीसाठी वेगळा नियम का?

डाग: जितका उशीर, तितका खर्च

पक्ष्यांच्या विष्ठेत आम्ल असते. उन्हाने तापलेल्या रंगावर ती वाळली की काही तासांतच खूण उमटू शकते. नखाने खरवडू नका. ओले कापड पाच-दहा मिनिटे डागावर ठेवा, तो फुगला की हलकेच उचलून घ्या. झाडाचा चीक आणि हायवेवर चिकटलेले किडे यांनाही हीच पद्धत.

मराठवाड्यात बोअरचे पाणी जड असते. ते गाडीवर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कापडाने लावा, मिनिटभराने पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. खरा इलाज मात्र एकच, पाणी अंगावर वाळूच द्यायचे नाही.

लग्नाच्या गाडीची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. फुलांसाठी लावलेली चिकटपट्टी दोन दिवस उन्हात राहिली की तिचा गोंद रंगाला धरतो. वलीमा होईपर्यंत थांबू नका, त्याच संध्याकाळी काढा.

वॅक्स आणि पॉलिश एक नव्हेत

दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात, पण कामे उलटी. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड क्लिअर कोटचा बारीक थर घासून ओरखडे कमी करतात. वॅक्स काही काढत नाही, वर संरक्षणाचा थर देते. म्हणून वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी लावायला हरकत नाही, पॉलिश मात्र गरज असेल तरच. धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या गाडीवर सावलीत एकेका भागाला पातळ थर द्या आणि थोडे वाळले की स्वच्छ कापडाने पुसा. पाण्याचे गोल थेंब होऊन घरंगळायचे थांबले की पुढच्या वॅक्सची वेळ आली असे समजा.

सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते आणि धुणे सोपे करते. पण दगड लागला तर टवका उडतोच, आणि कोरड्या फडक्याने ओरखडेही पडतात. ‘लावा आणि विसरा’ असे सांगणाऱ्यावर विसंबू नका.

ओरखड्यावर हलकेच नख फिरवा. नख अडकले नाही तर तो बहुधा वरच्या थरातच आहे, पॉलिशने कमी होईल. नख अडकले किंवा पत्रा दिसत असेल तर गंज लागण्याआधी त्याच रंगाचा टचअप लावा. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांवर दरवाजाच्या खांबाजवळच्या पट्टीवर किंवा बॉनेटखाली असतो.

कोकण आणि पावसाळा

रत्नागिरी, दापोली, मुरूड अशा किनाऱ्याजवळच्या गावांत हवेतले मीठ गाडीवर बसते आणि उघड्या पत्र्याला गंज लवकर धरतो. तिथे गाडी आणि तिचा खालचा भागही गोड्या पाण्याने वरचेवर धुवा. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोके असतात, ती पाला-मातीने तुंबली की दरवाजा आतून सडतो. जून लागण्याआधी ती साफ करा आणि वॅक्सचा एक हात द्या. ओल्या किंवा धुळकट गाडीवर कव्हर टाकू नका. वाऱ्याने हलणारे कव्हर आतली धूळ घासत राहते आणि ओल कोंडून ठेवते.

शेवटी विक्रीबद्दल. गंजावर पुट्टी भरून, वरून रंग मारून गाडी ‘ओरिजिनल पेंट’ म्हणून खपवणारे बाजारात कमी नाहीत. आपण तसे करू नये. ऐब असेल तर दाखवून विकावे, दोन पैसे कमी आले तरी त्यात बरकत आहे. आणि रंग सांभाळला असेल तर लपवायची वेळच येत नाही. गाडी उन्हात उभी करा आणि घेणाऱ्याला निवांत चक्कर मारू द्या.